हॉल आणि नॉट, मुंबई १८१३ : एक पलायन आणि एक पत्र

११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबई बंदरात लागलेल्या एका जहाजातून तीन अमेरिकन मिशनरी उतरले. गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि नॉट यांची पत्नी रोक्साना. कलकत्त्याहून निघताना परवाना हातात होता, पण तो पुरला नाही. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारनं त्यांना विलायतेला रवाना करायचं ठरवलं होतं आणि तो हुकूम मुंबईतही त्यांना चुकला नाही. जमिनीवर पाय ठेवताच त्यांना कळलं, की इथून आपल्याला पुढच्या सोयीच्या जहाजानं बाहेर काढणार आहेत.

नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला ‘अमेरिकन मिशन’ हा शब्द पत्त्यासारखा वाटतो. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशन कंपाउंडातली चिंचेची झाडं. या सगळ्याची सुरुवात घरी परत पाठवायला काढलेल्या दोन माणसांपासून झाली, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तेव्हापासून मंडळीतल्या तरुणांच्या शास्त्रपाठात मी हे प्रकरण तीन-चार वेळा चर्चेला ठेवलं आहे. भीती आणि देवावरचा भरवसा यांबद्दल बोलताना आपण फार लवकर गोड शेवटाकडे धावतो. या प्रकरणात तशी धाव घेता येत नाही. मधे एक पलायन आहे, आणि ते सहज गिळता येण्यासारखं नाही.

ही माणसं कोण

६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना पाळकीय दीक्षा मिळाली. अ‍ॅडोनायरम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, ल्यूथर राइस आणि गॉर्डन हॉल. त्यांना पाठवणारं ‘अमेरिकन बोर्ड’ १८१० साली स्थापन झालेलं, म्हणजे अवघं दीड-पावणेदोन वर्षांचं. अमेरिकेनं तोवर समुद्रापार मिशनरी धाडलेच नव्हते. आधीच्या कुणाचा अनुभव नाही, ओळखीचं माणूस नाही, आणि बोर्डाच्या पेटीत फार पैसाही नाही. हॉल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. विल्यम्स कॉलेज, मग अँडोव्हरची धर्मशाळा, आणि निघण्यापूर्वी फिलाडेल्फियात थोडं वैद्यकीचं शिक्षण. हे वैद्यकीचं लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दोन जहाजांतून ते निघाले. एकातून जडसन आणि न्यूएल आपापल्या पत्नींसह, तर दुसऱ्यातून हॉल, राइस आणि नॉट दांपत्य. पहिलं जहाज जूनमध्ये कलकत्त्याला पोचलं, दुसरं ८ ऑगस्टला. साडेपाच महिने समुद्रावर काढून हे लोक उतरले, तर आधी पोचलेल्या सोबत्यांना ‘चालते व्हा’ असा हुकूम मिळालेला होता.

पुढच्या तीन-चार महिन्यांत जे झालं त्याची नुसती यादी केली तरी पुरे. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर प्रवासातच जडसन यांचं मत पालटलं होतं. सप्टेंबरमध्ये त्यांनी कलकत्त्यात बाप्टिस्ट पद्धतीनं पाण्यात बाप्तिस्मा घेतला आणि ज्या बोर्डानं पाठवलं त्यापासून ते वेगळे झाले. नोव्हेंबरमध्ये राइस त्यांच्या मागून गेले. न्यूएल दांपत्य मॉरिशसच्या वाटेला लागलं. त्या वाटेवर जहाजातच हॅरिएट न्यूएलला मुलगी झाली आणि पाच दिवसांत गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही गेली. तिला एकोणीस वर्षं पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते. सेलमला दीक्षा घेतलेल्या पाच पुरुषांपैकी दोघं मतानं दूर गेले, एक बायको-मूल गमावून एकटा पडला, आणि उरलेले दोघे मुंबईकडे निघाले.

कंपनी का घाबरली होती

आपण गोष्ट सांगताना सरकारला खलनायक करतो आणि मोकळे होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या भीतीला कारण होतं. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी बंड केलं. नव्या टोपीसारखी पगडी, कपाळावरचं गंध पुसणं, दाढी काढणं असले हुकूम शिपायांच्या जिव्हारी लागले होते, आणि ‘हे आपल्याला किरिस्ताव करणार’ हा संशय पेटला होता. त्यानंतर मिशनरी म्हटला की कंपनीच्या अंमलदारांच्या पोटात गोळा येई. व्यापार आणि राज्य दोन्ही शिपायांच्या खांद्यावर उभं असताना कुणी धर्माच्या नावानं ठिणगी टाकलेली त्यांना नको होती.

त्यात भर पडली युद्धाची. जून १८१२ मध्ये अमेरिकेनं ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. हॉल आणि नॉट तेव्हा अजून समुद्रावरच होते. मायदेश सोडताना जे फक्त परके होते, ते भारतात पोचेपर्यंत शत्रूचे नागरिक झाले. ब्रिटिश अंमलदाराच्या जागी उभं राहून पाहा. शत्रुराष्ट्राचे दोन तरुण, कुठल्याशा अनोळखी संस्थेनं पाठवलेले, एका हुकमातून निसटून दुसऱ्या इलाख्यात आलेले. हेर नसतील कशावरून?

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांचा मात्र मनाचा कल मिशनऱ्यांकडे होता. हाच माणूस १७८७ साली लंडनच्या गृहखात्यात असताना ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या कैद्यांच्या पहिल्या ताफ्याची व्यवस्था बघत होता. शेकडो कैद्यांना जहाजावर चढवणाऱ्याला दोन पाळकांना जहाजावर चढवताना हात आखडावा लागला, याची मला गंमत वाटते. नेपियन यांनी वेळ काढला. कलकत्त्याशी पत्रव्यवहार केला, खुलासे मागवले, हुकूम तामील करायचं लांबवलं. फेब्रुवारी ते नोव्हेंबर असे नऊ महिने हॉल आणि नॉट मुंबईत राहिले आणि त्या काळात त्यांनी मराठी शिकायला घेतली.

मला या प्रकरणातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. उद्या हाकलणार हे माहीत असताना आज ‘मी, मला, माझा’ घोकत बसायचं. बाराखडी गिरवायची. पंतोजी म्हणेल तसा ‘ळ’ उच्चारायचा प्रयत्न करायचा. ज्याला विश्वास म्हणतात तो मला पुढच्या पत्रापेक्षाही या नऊ महिन्यांच्या अभ्यासात जास्त दिसतो. पण त्याला कुणी साक्षीदार नसल्यामुळे गोष्टीत त्याला जागा मिळत नाही.

भीती नेमकी कशाची

तरुणांच्या गटात मी पहिला प्रश्न हाच विचारतो. उत्तरं ठरलेली असतात: मरणाची, तुरुंगाची, लोकांच्या मारहाणीची. मुंबईत यांतलं काहीच समोर नव्हतं. त्यांना कुणी मारणार नव्हतं. फार तर बऱ्यापैकी केबिनमधून इंग्लंडला पोचते केले असते.

त्यांची भीती वेगळी होती, आणि आपल्या ओळखीची होती. परत जावं लागेल. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या मंडळ्यांनी, विधवांनी, शेतकऱ्यांनी पैसा-पैसा जमवून पाठवलेलं मिशन एक अक्षर न शिकवता परतेल. सेलमच्या त्या थंडीत ज्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, त्यांच्यासमोर रिकाम्या हातानं उभं राहावं लागेल. आणि त्याहून खोलवर असलेली भीती म्हणजे, देवानं बोलावलं असं आपण म्हणालो, ते बोलावणं खरंच होतं का? सोबतचे दोघं मत बदलून गेले. हॅरिएट गेली. सगळी दारं बंद. आपण ऐकलेली हाक आपलीच तर नव्हती?

नोकरीसाठी आखातात गेलेली आणि तिथे करार मोडल्यामुळे परतायची वेळ आलेली माणसं आपल्या मंडळ्यांत आहेत. जिवाला धोका नसतो. पण घरच्यांना तोंड कसं दाखवायचं, या विचारानं रात्र रात्र झोप येत नाही. ही भीती छातीत कमी आणि पोटात जास्त असते. तिच्याविरुद्ध धैर्याचं भाषण चालत नाही.

आणखी एक अडचण आजच्या वाचकाला सहज लक्षात येत नाही. सल्ला विचारायला कुणी नव्हतं. मुंबईहून बोस्टनला पत्र जायला पाच-सहा महिने, उत्तर यायला तेवढेच, आणि मधे समुद्रावर युद्ध. प्रत्येक निर्णय त्यांना वरिष्ठांशिवाय, प्रार्थना करून आणि एकमेकांशी बोलून घ्यावा लागला. म्हणून चुकाही त्यांच्या स्वतःच्याच.

कोचीन

नोव्हेंबर १८१३ मध्ये नेपियन यांची ढिलाई संपली. इंग्लंडच्या जहाजाची व्यवस्था झाली, आता जावंच लागणार असं ठरलं. तेव्हा हॉल आणि नॉट किनाऱ्यानं जाणाऱ्या एका जहाजात गुपचूप चढले. जहाज कोचीनला जाणार होतं. तिथून सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, गाठायचा त्यांचा बेत.

सिलोनच का? कारण सिलोन कंपनीच्या ताब्यात नव्हतं. १८०२ पासून ती ब्रिटिश राजाची थेट वसाहत होती, तिथला गव्हर्नर मिशनऱ्यांना राहू देत होता, आणि पत्नी गमावलेले न्यूएल तिथेच पोचले होते. म्हणजे बेत अगदीच वेड्यासारखा नव्हता. नकाशा बघून, कायदा समजून घेऊन आखलेला होता.

तो फसला. कोचीनला ते पुढच्या जहाजाची वाट पाहत असताना मुंबईचा हुकूम मागून आला आणि त्यांना परत मुंबईला आणलं गेलं.

आता याला काय म्हणायचं? गटात इथे हमखास दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, बायबलमध्ये दिमिष्कात प्रेषित पौलाला पाटीत बसवून भिंतीवरून खाली सोडलं, तेही पलायनच होतं. आणि प्रभूनंच सांगितलं आहे, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. दुसरा पक्ष म्हणतो, पौलाला मारायला टपले होते. यांना मारणार कोण होतं? हे सरकारला चकवणं होतं.

मी दुसऱ्या पक्षाच्या जवळ आहे, पण त्यांच्या कारणासाठी नाही. मला खटकतं ते नेपियन यांचं. ज्या माणसानं नऊ महिने स्वतःच्या पदाची जोखीम घेऊन यांना ठेवून घेतलं, त्याला कलकत्त्यासमोर तोंडघशी पाडून हे निघून गेले. गव्हर्नर नाराज झाले, आणि होणारच. भीतीनं माणूस हटकून हे करतो. ज्यानं आपल्यासाठी दार अर्धं उघडं धरलेलं असतं, त्याच्याच बोटांवर दार आपटून पळतो.

पण लगेच त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. दाविदाचं आठवा. शौल राजाच्या भीतीनं तो गथला गेला, तिथे आखीश राजाच्या माणसांनी त्याला ओळखलं, आणि दाविदानं वेड्याचं सोंग घेतलं. दाढीवरून लाळ गाळली, दारं ओरबाडली. गथमधला हाच काळ छप्पन्नाव्या स्तोत्राच्या मथळ्यात आहे, आणि भीती वाटेल त्या वेळी मी तुझ्यावरच भरवसा टाकतो असं सांगणारं स्तोत्र तेच. सोंग घेणारा आणि स्तोत्र लिहिणारा माणूस एकच. आपल्या प्रवचनांत स्तोत्र येतं, लाळ येत नाही.

हॉल आणि नॉट कोचीनच्या किनाऱ्यावर उभे होते तेव्हा त्यांचा देवावर विश्वास नव्हता, असं मी म्हणणार नाही. विश्वासही होता, भीतीही होती, आणि दोन्ही मिळून एकाच जहाजात चढले होते.

पत्र

परत आणल्यावर त्यांची अवस्था जायच्या आधीपेक्षा वाईट होती. आता ते फक्त नकोसे परके नव्हते, पळून जाताना धरलेले होते. डिसेंबरमध्ये त्यांना इंग्लंडच्या जहाजावर चढवायचं पक्कं झालं. सामान बांधलं गेलं.

तेव्हा त्यांनी गव्हर्नरना शेवटचं पत्र लिहिलं. त्यात गयावया नाही, तशी धमकीही नाही. सरकारचा अधिकार ते नाकारत नाहीत. पण प्रेषितांनी यरुशलेमेच्या सभेपुढे जो प्रश्न टाकला होता, माणसांचं ऐकायचं की देवाचं, तोच ते गव्हर्नरसमोर ठेवतात. आणि पुढे म्हणतात की एक दिवस आपण आणि आम्ही त्याच न्यायासनापुढे उभे राहणार आहोत, तेव्हा आजच्या निर्णयाबद्दल आपल्याला तिथे उत्तर द्यावं लागेल. ब्रिटिश गव्हर्नरला शत्रूच्या देशातले, तिशीही न गाठलेले दोन पाळक हे लिहितात, तेही पकडले गेल्यानंतर.

मी हे पत्र आणि कोचीनचं पलायन शेजारी शेजारी ठेवून पाहतो. दोन्हींच्या मधे फार तर एक महिना आहे. माणसं तीच, श्रद्धा तीच, भीतीही बहुधा तीच. मग फरक कशात पडला? मला वाटतं, लपवण्यासारखं काही उरलं नाही, हाच फरक. पलायनात त्यांच्याकडे एक बेत होता आणि तो सांभाळायचा होता. परत आल्यावर बेत संपला. तेव्हा ते ज्याच्याशी बोलायला हवं होतं त्याच्याशीच सरळ बोलले. बायबलमधला नहेम्या राजापुढे द्राक्षारस घेऊन उभा असतो, राजा विचारतो तुझं तोंड का उतरलंय, आणि नहेम्या लिहितो की मी फार भ्यालो. मग त्यानं स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं. भ्यालो, प्रार्थना केली, बोललो, हे सगळं दोन-तीन ओळींत. तिथे भीती जायची वाट पाहिलेली नाही.

नेपियन यांनी त्यांना जहाजावर चढवलं नाही. लंडनहून निर्णय येईपर्यंत राहू द्या, असं ठरलं.

इथे ‘देवानं गव्हर्नरचं मन पालटलं’ असं म्हणून पान उलटता येईल, आणि माझी आजी तसंच म्हणाली असती. मीही ते नाकारत नाही. पण काम कशानं झालं, तेही बघायला हवं. लंडनला २१ जुलै १८१३ रोजीच कंपनीच्या सनदेच्या नव्या कायद्याला राजाची मंजुरी मिळाली होती. खासदार विल्बरफोर्स आणि त्यांच्या साथीदारांनी संसदेत झुंज देऊन त्यात एक कलम घालून घेतलं होतं, ज्यानं धर्मशिक्षणासाठी भारतात येणाऱ्यांना परवानगी मिळण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे हॉल आणि नॉट नोव्हेंबरात चोरून जहाजात चढत होते, तेव्हा त्या कायद्याची शाई चार महिने आधीच वाळलेली होती. अंमल मात्र एप्रिल १८१४ पासून व्हायचा होता, आणि अमेरिकनांना त्यातून आपोआप काही मिळत नव्हतं. लंडनच्या संचालक मंडळात त्यांच्याविरुद्धच वारं वाहत होतं. तिथे चार्ल्स ग्रँट या जुन्या, वजनदार संचालकानं त्यांची बाजू लेखी मांडली आणि निकाल फिरला. हे होईपर्यंत मुंबईतले दोघे टांगलेलेच राहिले.

एका गव्हर्नरची दिरंगाई, एका संचालकाचा निबंध, संसदेतलं एक कलम, आणि वेळेवर न पोचणारी टपाल. देवाचं काम या अशा कागदपत्रांतून चालतं, हे पचवायला भाविक मनाला जड जातं. मला उलट त्यात दिलासा वाटतो. मुंबईत दोघे ‘ळ’ गिरवत होते, तेव्हा हजारो कोसांवर त्यांना नावानंही न ओळखणारी माणसं त्यांच्यासाठी भांडत होती.

राहिले ते

नॉट १८१५ मध्येच प्रकृतीमुळे मायदेशी परतले. ज्या परतण्याची एवढी भीती होती ते अखेर झालंच, पण सरकारमुळे नाही. ते पुढे १८६९ पर्यंत जगले. मुंबईतून आजारपणानं परतलेला तो तरुण अपयशी म्हणायचा का, हा प्रश्न मी गटात मुद्दाम सोडून देतो आणि सहसा त्यावर कुणी फार बोलत नाही.

न्यूएल १८१४ मध्ये सिलोनहून मुंबईला आले. १८१६ मध्ये छपाईचं काम जाणणारे होरेशियो बार्डवेल आले आणि १८१७ पासून मिशनच्या छापखान्यातून मराठी मजकूर निघू लागला. मराठी मुद्रणाचा इतिहास वाचणाऱ्याला हा छापखाना टाळता येत नाही. गणपत कृष्णाजी आणि पुढे निर्णयसागरचे जावजी दादाजी, दोघांचेही धागे त्याच्याशी जुळतात. १८२४ मध्ये मिशननं मुंबईत मुलींची शाळा काढली. आणि ११ फेब्रुवारी १८१३ ला ब्याऐंशी वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस कमी असताना, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, याच मिशनच्या मुंबईतल्या मंडळीत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तारखांचा हा योग निव्वळ योगायोग आहे, मला तो आवडतो इतकंच.

हॉल यांच्या हयातीत मात्र यांतलं फारसं काही दिसत नव्हतं. तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. गल्लीबोळांतून, देवळांसमोर, घाटांवर उभं राहून ते मराठीत बोलत, लोक ऐकत, वाद घालत, निघून जात. त्यांच्या लिखाणातली इथल्या देवधर्माबद्दलची भाषा आजच्या मराठी वाचकाला टोचेल, ख्रिस्ती वाचकालाही. ती टोचावी. माणूस धीराचा होता म्हणून त्याची प्रत्येक ओळ आपण उचलून धरावी असं काही नाही.

नाशिकच्या वाटेवर

प्रकरण इथे संपवलं असतं तर हिशोब छान जुळला असता: भ्याले, पळाले, पकडले गेले, बोलले, राहिले. म्हणून मी नेहमी १८२६ पर्यंत जातो.

१८१७ मध्ये बंगालात उसळलेला पटकीचा रोग, म्हणजे कॉलरा, १८१८ मध्ये मुंबईत आला. ३० मे १८२१ रोजी न्यूएल त्यानंच गेले. मॉरिशसला बायको पुरलेला माणूस मुंबईच्या मातीत गेला. हॉल यांचं लग्न मुंबईतच, १८१६ मध्ये, मार्गारेट लुईस या इंग्रज बाईंशी झालं होतं. मुलांच्या प्रकृतीसाठी १८२५ मध्ये मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. हॉल मागे राहिले. एक मुलगा वाटेतच वारला.

मार्च १८२६ मध्ये दोन ख्रिस्ती पोरांना सोबत घेऊन हॉल नाशिक-त्र्यंबकच्या फेरीला गेले. १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर घाटावरचा मुलूख त्यांना मोकळा झाला होता. नाशकात पटकीनं कहर मांडला होता. फिलाडेल्फियात शिकलेलं वैद्यक इथे कामी आलं; जवळचं औषध त्यांनी रोग्यांना वाटलं, जवळजवळ सगळंच. मग ते मुंबईकडे परत निघाले.

१९ मार्चच्या रात्री वाटेवरच्या एका गावी ते एका देवळाच्या ओसरीत दगडी फरशीवर पथारी टाकून झोपले. ओसरीत आणखी दोन रोगी पडलेले होते. पहाटे चारच्या सुमाराला, त्यांना बघायला किंवा पुढे निघायला म्हणून उठताना, हॉल यांनाच उलट्या सुरू झाल्या. उरलंसुरलं औषध घेतलं, ते पोटात ठरलं नाही. त्यांनी पोरांना सांगितलं की मी यातून उठत नाही.

गटात मी इथे थांबतो आणि विचारतो: १८१३ मध्ये देवानं सोडवलं असं म्हणालात, मग इथे काय म्हणाल? एकदा एका नर्स मुलीनं उत्तर दिलं होतं, ती पुढे ओमानला गेली. म्हणाली, “तेव्हा त्यांना घालवून देतील याची भीती होती ना? इथून तर त्यांना कुणी घालवलं नाही.” मला त्या उत्तराचं नीट काय करायचं ते अजून समजलेलं नाही. ते बरोबर आहे असं वाटतं, आणि पुरेसं नाही असंही वाटतं. मार्गारेटला आणि उरलेल्या मुलाला ते उत्तर सांगायची माझी छाती होणार नाही.

ज्या मूर्तिपूजेविरुद्ध हॉल आयुष्यभर बोलले त्याच देवळाच्या ओसरीत, जिथे वाटसरूला जागा मिळते तशी त्यांनाही मिळाली होती, तिथे ते सात-आठ तास पडून होते. शुद्धीत होते. पोरांशी बोलले, प्रार्थना केली, आसपासच्या लोकांना दोन शब्द सांगितले. अगदी शेवटी तीन वेळा म्हणाले, “हे देवा, तुझं गौरव असो.” २० मार्च १८२६. वय बेचाळीसला एकोणीस दिवस कमी. त्यांनी ज्याच्यावर घाम गाळला तो मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.

दोन पोरांनी खड्डा खणला. पेटी नव्हती, म्हणून घोंगडीत गुंडाळून पुरलं. मग ते दोघेच, औषध संपलेलं, पटकीनं भरलेल्या मुलखातून मुंबईला बातमी द्यायला निघाले.